एक निःपक्षपाती शून्य

ज्या खेळात वेगाला काडीची किंमत नाही आणि शून्य हा सर्वांत मोठा मान आहे, असा मोटारसायकलचा एक खेळ आहे. त्याला ट्रायल्स म्हणतात. दगडधोंड्यांतून, झाडांच्या मुळांवरून, ओढ्याच्या पात्रातून, दोन फितींच्या मधून एक वाट आखलेली असते. फुटरेस्टवर उभे राहून गाडी त्या वाटेने न्यायची आणि पाय कुठेही टेकवायचा नाही, एवढाच खेळ. पाय एकदा टेकला तर दंडाचा एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून अधिक कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी थांबली, मागे घसरली, फितीबाहेर गेली किंवा आडवी झाली तर पाच. प्रत्येक टप्प्यावर एक निरीक्षक उभा असतो. तो एक शब्दही न बोलता बोटे वर करतो. पंजा म्हणजे पाच. बंद मूठ म्हणजे शून्य.

मला ती बंद मूठ हवी होती. आमच्या खाणीतल्या एका विशिष्ट टप्प्यावर, माझ्या जुन्या गाडीवर, आणि ज्याला माझी दया येणार नाही अशा मनुष्याकडून.

मी नोकरीची सगळी वर्षे एका कंपनीच्या विधी विभागात काढली आणि उरलेल्या वेळात पत्रे लिहिली. महापालिकेला, वाहतूक शाखेला, वृत्तपत्रांना. मापात न बसणारे गतिरोधक, पदपथावर मांडलेली दुकाने, चुकीच्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या, हे माझे विषय. काही पत्रांना उत्तरे आली, काहींमुळे कामेही झाली. बहुतेकांचे काय झाले ते त्या त्या कचेरीला ठाऊक. माझा राग मात्र कधी निवृत्त झाला नाही. आमच्या सदाशिव पेठेतल्या चौकात मी लाल दिव्याला पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबतो, तेव्हा मागून हॉर्न वाजतात. एकदा मागच्या स्कूटरवाल्याने मला समजुतीच्या सुरात सांगितले, “ओ काका, व्हा की पुढे. मामा नाहीये आज.”

मी माझी स्कूटर स्टँडला लावली, मागे गेलो आणि लाल दिवा हा मामांसाठी नसून आपल्यासाठी असतो, हे त्याला सविस्तर सांगितले. तेवढ्यात दिवा हिरवा झाला. मग माझ्यामुळे चौक तुंबला, अशी तक्रार एका रिक्षावाल्याने माझ्याविरुद्ध केली. ती रास्त होती.

ज्या शहरात नियम पाळणाऱ्यालाच हॉर्न ऐकावे लागतात, तिथे राहणाऱ्याला ट्रायल्ससारखा दिलासा दुसरा नाही. तिथे बुटाचे टोक जरी टेकले तरी कोणीतरी ते मोजतो.

माझी गाडी टू-स्ट्रोक, एका सिलिंडरची, नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतली. पुढे तिला मी माझ्या हाताने या खेळासाठी घडवली. सीट काढून तिथे रबराची पातळ गादी बसवली. सायलेन्सर दगडाला लागू नये म्हणून वर उचलला. फुटरेस्ट मागे आणि खाली घेतले. पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, लहान आणि मागचे मोठे केले, त्यामुळे ती पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालते आणि तरीही भिंत चढेल असे वाटते. वाहनाच्या मूळ रचनेत असे फेरफार करून ते सार्वजनिक रस्त्यावर आणणे कायद्याला मान्य नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून फेरफार केल्यापासून तिचे चाक एकदाही सार्वजनिक रस्त्याला लागलेले नाही. ती टेम्पोतून जाते, टेम्पोतून येते. आमच्या घरात टेम्पोतून फिरण्याचा मान तिलाच आहे, असे माझी पत्नी म्हणते.

शनिवारची सकाळ गाडीची. चहा झाला, की मी पार्किंगमध्ये गोणपाट अंथरतो. प्लग काढून त्याचा रंग पाहतो. काळा असला तर तेल जास्त झाले, पांढरट असला तर इंजिन तापते आहे, आणि बिस्किटासारखा तपकिरी असला तर माझा अख्खा दिवस चांगला जातो. कार्ब्युरेटरचा जेट उजेडाकडे धरून त्यातून एक डोळा मिटून बघतो. क्लचची तार तेलात भिजवतो. एकेक स्पोक टिचकी मारून ऐकतो. सैल स्पोक बद्द वाजतो. मग मागच्या चाकातली हवा इतकी कमी करतो, की अंगठ्याने टायर दाबला तर आत जातो. असा मऊ टायर दगडाला धरून राहतो. या सगळ्यात दोन तास कुठे गेले ते कळत नाही, आणि त्या वेळात मी कोणावरही रागावलेला नसतो. पत्नीने हे निरीक्षण फार पूर्वीच नोंदवले आहे. घरात काही खर्चिक गोष्ट सांगायची असेल, तर ती शनिवारी खाली उतरते.

या गोणपाटामुळेच माझा आणि आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचा पत्रव्यवहार सुरू झाला. ते आमच्याच वयाचे, लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले, आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहणारे गृहस्थ. त्यांच्या खिशात मोजपट्टी असते. माझ्या गाडीचे मागचे चाक पार्किंगच्या आखलेल्या रेषेवर येते, असे त्यांनी मला लेखी कळवले. रेषा चुकीच्या जागी आखली आहे, असे मी लेखी कळवले. मग तेलाचा डाग, मग किकचा आवाज, मग धूर. आम्ही दोघे जिन्यात भेटलो तर पावसापाण्याबद्दल बोलत असू. मुद्द्याचे सगळे कागदावर. पत्र वर नेऊन देण्याचे काम पत्नीकडे होते, आणि ती रिकाम्या हाताने जात नसे. त्यामुळे माझ्या अत्यंत कडक पत्रांबरोबर अध्यक्षांना वेळोवेळी अळूची भाजी, साखरभात आणि एकदा उकडीचे मोदकही पोहोचले. माझ्या पत्रांचा परिणाम कमी होतो तो यामुळे, असे माझे मत होते.

आमची खाण वाघोलीच्या पुढे आहे. दगड काढून संपल्यावर ती तशीच पडून राहिली. आता तिच्यात गवत वाढले आहे, एका कोपऱ्यात पाणी साठते आणि काळ्या खडकाच्या पायऱ्या उरल्या आहेत. जागेचे मालक त्याच गावातले शेतकरी. आम्हाला तिथे गाड्या चालवू देण्याबद्दल मी त्यांना रीतसर हमीपत्र लिहून दिले, तेव्हा त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि परत केले.

“कागुद कशाला, दादा? मानूस हाय न्हवं मी. तुमी पडा, झडा, पर माज्या आंब्याला धडकू नका, म्हंजी झालं.”

हमीपत्र माझ्याकडे आहे. आंब्याभोवती फीत बांधलेली आहे.

रविवारी तिथे आम्ही पाचसहा जण जमतो. मी सोडून सगळे तरुण. त्यांतली एक वाघोलीतच राहणारी, संगणकाच्या कंपनीत काम करणारी मुलगी आहे. तिची गाडी नवी, परदेशी बनावटीची, वजनाला माझ्या गाडीच्या निम्मी. सीट म्हणून काही नाहीच. क्लच एका बोटाने दबतो. एकदा तिने मला ती चालवायला दिली. मी माझ्या सवयीने चार बोटांनी क्लच धरला, सवयीने वेगाची मूठ पिळली, आणि गाडी मला मागे ठेवून एकटीच झुडपात गेली. झुडपातही ती उभीच होती. मला त्या यंत्राचा मनापासून हेवा वाटला. अशा गाडीवर चूक झाली तर ती चालवणाऱ्याची, यात शंकेला जागाच नाही. माझ्या गाडीवर निम्मा दोष तरी ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या गॅपवर ढकलता येतो.

या मुलांचा एकच दोष होता, आणि तो मला असह्य होता. ती माझ्याशी चांगली वागत होती.

खाणीच्या पश्चिमेला एक टप्पा आहे. आधी सुट्या खडीवर उजवीकडे वळण, मग गुडघाभर उंचीची खडकाची पायरी, आणि पायरी चढल्या चढल्या दोन मोठ्या दगडांमधली अरुंद फट. पायरीवर गाडी उडते, तोल डावीकडे जातो आणि डावा बूट आपोआप डाव्या दगडाकडे जातो. मी तिथून गेलो, की वरून ओरडा व्हायचा, “काका, क्लीन! झीरो!”

“डावा पाय टेकला,” मी सांगायचो.

“अहो, ते काय काउंट करायचं! किती मस्त चढवलीत!”

“टेकला म्हणजे टेकला. एक लिही.”

“काका, चिल ना. कोण बघतंय?”

कोण बघतंय! या दोन अक्षरांच्या आणि चार अक्षरांच्या दोन शब्दांनी या शहराची जी दशा केली आहे, तिच्यावर मी निबंध लिहू शकेन. पण ती मुले मनाने निर्मळ होती. त्यांना माझे पांढरे केस दिसत, पाय दिसत नसे. पाय टेकला तरी शून्य, न टेकला तरी शून्य. मग खऱ्या शून्याला विचारतो कोण?

त्यातच माझा डावा गुडघा कुरकुरू लागला. आमच्याच पेठेतल्या अस्थितज्ज्ञांनी फोटो पाहून सांगितले, की सांधा बदलावा लागेल. दिवाळीनंतरची तारीख ठरली. नंतर गाडीवर उभे राहता येईल का, असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, “जिन्यावर उभे राहा, पुष्कळ झालं.” म्हणजे पायरी चढायची, तर आता. माझ्या स्वतःच्या गुडघ्याने, आणि त्याला साक्षीदार असा, की जो माझ्या गुडघ्याकडे, केसांकडे आणि तारखेकडे बघणार नाही.

असा मनुष्य मला साऱ्या पुण्यात एकच ठाऊक होता. तो माझ्या डोक्यावर राहत होता.

“एक जिना चढून तोंडाने विचारा की,” पत्नी म्हणाली. मी पत्र लिहिले. ‘विषय: खाणीतील टप्प्यावर निरीक्षक म्हणून काम पाहण्याबाबत. महोदय, माझ्या बाबतीत आपण कधीही औदार्य दाखवलेले नाही, हे पार्किंगच्या प्रकरणात पुरेसे सिद्ध झाले आहे. या गुणाची मला सध्या निकड आहे.’ पुढे खेळाची माहिती दिली.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. औदार्याबाबतचे माझे निरीक्षण अचूक असल्याचे त्यांनी मान्य केले होते. येण्यास तयार होते, पण अटी होत्या. नियम आधी लेखी मिळावेत. बसायला खुर्ची आणि डोक्यावर सावली असावी. आणि शेवटची अट: निरीक्षकाचा निर्णय अंतिम राहील, निकालाबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.

या अटीने माझी झोप उडाली. दाद मागण्याचा हक्क सोडून न्याय घ्यायचा, हे माझ्या सबंध जडणघडणीविरुद्ध होते. मी तो कागद उशाशी ठेवून झोपलो आणि सकाळी पुन्हा वाचला.

“सही करा,” पत्नी चहा ठेवत म्हणाली. “शून्य हवंय की शेवटचा शब्द, ते एकदा ठरवा.”

मी सही केली.

पहिल्या रविवारी अध्यक्ष टेम्पोच्या चालकाशेजारी घडीची खुर्ची मांडीवर घेऊन बसले. मालवाहू टेम्पोच्या मागच्या भागात माणसे बसवणे बेकायदेशीर असल्याने मी आणि पत्नी स्कूटरवरून मागे गेलो. खाणीत उतरल्याबरोबर त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि दोन दगडांमधली फट मोजायला सुरुवात केली. जागेचे मालक बांधावरून धावत आले.

“दादा, ह्ये सायेब कोन? मोजनी कशाची चाललीया? तहसीलातनं आल्यात का?”

“निरीक्षक आहेत ते,” मी म्हणालो, आणि त्याने त्यांची काळजी आणखी वाढली. शेवटी पत्नीने त्यांना बाजूला नेऊन सगळे समजावले. ते बराच वेळ अध्यक्षांकडे पाहत राहिले. “म्हंजी पाय मोजाया आल्यात? एवढ्या लांबनं?”

पहिली गेली ती मुलगी. नवी गाडी घेऊन ती पायरीच्या खाली क्षणभर जागच्या जागी उभी राहिली, गाडी दोनदा उडवून नेमक्या रोखाला आणली आणि पाण्यासारखी वर गेली. पाहणाऱ्याच्या डोळ्यांचे पारणे फिटावे असे ते चढणे होते. अध्यक्षांनी पंजा दाखवला.

“फाइव्ह? अहो काका, माझा पायच नाही टेकला!”

“गाडी थांबली.”

“मी बॅलन्स करत होते! सगळीकडे अलाउड आहे हे आता.”

“नियम चार. गाडीची गती खंडित होता कामा नये.”

“तो रूल किती जुना आहे!”

“मग बदलून घ्या. तोवर पाच.”

ती माझ्याकडे वळली, कारण नियम मी लिहिले होते. जुन्या गाडीला जागच्या जागी उड्या मारता येत नाहीत, म्हणून जुन्या पद्धतीचा तो नियम मी ठेवला होता. मी आकाशाकडे पाहिले. “बाप रे,” ती हसत म्हणाली, “आपल्याकडे आता दोन-दोन काका झाले.”

मग मी गेलो. खडीवर घसरलो, पायरीला पाय टेकला, फटीत दोनदा टेकला. वर पोहोचून मागे पाहिले, तर अध्यक्षांची तीन बोटे आकाशात ताठ उभी होती. त्यांच्या चेहऱ्यावर पार्किंगच्या रेषेवर चाक सापडल्यावर येतो तसाच शांत आनंद होता. आणि मला काय झाले ते सांगतो: मीही हसत सुटलो. कित्येक महिन्यांत मला मिळालेला तो पहिला खरा आकडा होता. ते तीन मी घरी घेऊन आलो, जेवताना पत्नीला पुन्हा सांगितले आणि गाढ झोपलो.

त्यानंतरचे रविवार माझ्या आयुष्यातल्या उत्तम दिवसांपैकी आहेत. अध्यक्ष सावलीला छत्री आणत, नियमांची प्रत मांडीवर ठेवत आणि कोणालाही सोडत नसत. मुले आधी वैतागली, मग नेमकी चालवू लागली. “काउंट करतायत यार, नीट जा,” असे एकमेकांना बजावू लागली. मुलगी हट्टाने न थांबता पायरी चढायला शिकली, आणि तिला पहिली मूठ मिळाली तेव्हा तिने अध्यक्षांना वाकून नमस्कार केला. ते इतके गोंधळले, की छत्री उलटी झाली. मालकही आता बांधावर बसून, अध्यक्षांच्या आधीच बोटे वर करत. पण त्यांचा हात सैल होता, ते सगळ्यांना शून्य देत.

मी तिनावरून दोनावर आलो. पत्रव्यवहाराची मनाई मला जड जात होती, हे खरे. एका आठवड्यात सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या गळतीबद्दल मी अध्यक्षांना जे पत्र लिहिले, त्याचा स्वर गळतीच्या मानाने फारच तीव्र होता. त्यांनी उत्तरात एवढेच लिहिले, की गळती दुरुस्त करून घेत आहे आणि दोन म्हणजे दोनच.

मग दिवाळीच्या तोंडावरचा तो रविवार. पायरी चढलो, फटीतून निघालो, आणि पाय टेकला नाही, याची मला खात्री होती. वर जाऊन पाहिले, तर एक बोट.

“कुठे?” माझ्या तोंडून निघून गेले.

“डावा दगड. बुटाची कड.”

“लागला नाही.”

“लागला.”

मी अट आठवून गाडी खाली नेली. ते बरोबर असतील. मी बरोबर असेन. पायरीवर गाडी उडते तेव्हा आपल्या बुटाची कड कुठे आहे, हे छातीठोकपणे सांगणारा मनुष्य एक तर खोटे बोलतो किंवा गाडी चालवत नसतो. घरी येईपर्यंत मी स्कूटरवर मनातल्या मनात तीन परिच्छेद लिहिले. मागे बसलेली पत्नी म्हणाली, “पूर्णविराम द्या आता, सिग्नल आला.”

शस्त्रक्रियेच्या आधीचा एकच रविवार उरला होता. शनिवारी मी गोणपाट अंथरले. पॉइंट साफ केले, त्यांच्यातले अंतर पातळ पट्टीने पुन्हा पुन्हा मोजले. क्लचच्या प्लेट काढून, पुसून, परत बसवल्या. प्लग बिस्किटासारखा होता. अध्यक्ष जिन्यातून उतरले, गाडीकडे पाहिले, रेषेकडे पाहिले. चाक रेषेवर होते. ते काही बोलले नाहीत आणि वर गेले. मला ते आवडले नाही. हा मनुष्य उद्या दया दाखवणार की काय, या धास्तीने मी त्या रात्री कूस बदलत राहिलो.

सकाळी खाणीत पोहोचलो, तर अध्यक्षांनी पिशवीतून एक पुडी काढली आणि खाली वाकून दोन्ही दगडांच्या आतल्या बाजूंवर, पायरीच्या माथ्यावर आणि फटीतल्या जमिनीवर पांढरी भुकटी पसरू लागले. ओलसर काळ्या खडकावर ती छान बसली.

मालक बांधावरून ओरडले, “आज पूजा हाय का काय?”

“रांगोळी आहे,” अध्यक्ष कमरेवर हात ठेवून उभे राहत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “मागच्या रविवारी आपल्या चेहऱ्यावर अख्खं पत्र लिहिलेलं दिसत होतं. अट मोडली नाहीत, हे मान्य. पण संशय राहिला. आज बूट लागला, तर रांगोळी सांगेल. मला बोलावंही लागणार नाही.”

“रांगोळी कुठून आणली?”

ते रिकाम्या पुडीची घडी घालू लागले. पत्नी आंब्याखाली बसून डबे उघडत होती, आणि तिचे सगळे लक्ष डब्यांत होते.

मला एकदम हलके वाटले. माझ्यावर एवढा अविश्वास दाखवण्याचे कष्ट या मनुष्याने घेतले होते. दया येणारा मनुष्य रांगोळी घेऊन येत नाही.

आमच्याकडे चालवण्याआधी टप्पा पायी चालून बघतात. मी लंगडत चाललो, रांगोळीला स्पर्श न करता. खडीतला एक चपटा दगड हेरला. मागचे चाक त्यावरून गेले, तर पायरीला सरळ भिडेल. मग गाडीकडे आलो, किक मारली, आणि तिने पहिल्या किकला हुंकार दिला. निळा धूर खाणीत पसरला. कोणी ओरडले नाही. मुले उभी होती, मालक उभे होते, अध्यक्ष वाकून उभे होते.

वळण. गुडघा म्हणाला, बस. मी म्हणालो, उद्यापासून. चपटा दगड चाकाखाली आला तो मला तळपायात कळला. पायरी समोर आली तेव्हा मी किंचित मूठ पिळली, वजन मागे घेतले, पुढचे चाक वर गेले, आणि मग ते नेहमीचे होणार होते ते झाले: गाडी उडाली, तोल डावीकडे गेला, बूट निघाला. माझ्या संमतीशिवाय निघाला. मी गुडघा टाकीला दाबला. इतका दाबला, की डोळ्यांपुढे पांढरे झाले, रांगोळीचे की कळेचे, ते सांगता येणार नाही. टाकीने गुडघा धरला, की गुडघ्याने टाकी, तेही सांगता येणार नाही. मग दोन्ही दगड मागे गेले होते आणि मी गवतावर होतो आणि इंजिन फटफटत होते.

मी मागे वळलो नाही. इंजिन बंद करून तसाच उभा राहिलो.

अध्यक्षांच्या चपला खडीवर वाजल्या. ते दगडांपाशी थांबले असावेत, कारण बराच वेळ आवाज नव्हता. मग ते वर आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “बूट दाखवा.”

मी गाडी स्टँडला लावली आणि डावा बूट उचलला. त्यांनी कड पाहिली, टाच पाहिली, तळ पाहिला. “उजवा.” उजवा दाखवला. त्यासाठी डाव्या पायावर उभे राहावे लागले, आणि त्यांनी न विचारता मला दंडाला धरले. ते मात्र मी नियमबाह्य मानत नाही. टप्पा संपला होता.

त्यांनी माझा दंड सोडला, दोन पावले मागे सरकले, ताठ उभे राहिले आणि बंद मूठ वर केली.

मुलांनी जो गोंधळ घातला, त्यात त्या मुलीने शिट्टी वाजवलेली तेवढी मला आठवते. माझ्या मनातला किडा मात्र जागाच होता.

“खरं सांगा,” मी हळूच म्हणालो, “परवा ऑपरेशन आहे म्हणून तर...”

ते लालबुंद झाले. “हा आरोप आहे. मागे घ्या.”

“घेतला.”

“लेखी नको,” ते म्हणाले, आणि मग आम्ही दोघेही असे हसलो, की मालकांनी आपल्या घरून चहा मागवला.

मी खाली जाऊन दगड पाहिले. दोन्ही बाजूंची रांगोळी जशीच्या तशी होती. फटीतल्या रांगोळीमधून टायरच्या नक्षीचा एक पट्टा सरळ वर गेला होता, जणू तो काढायचाच होता. पत्नी शेजारी येऊन उभी राहिली आणि निरखून बघत राहिली.

“म्हणजे जमतं की तुम्हाला,” ती म्हणाली. “दारातली रांगोळी तेवढी रोज सकाळी पेपर आणायला जाताना तुडवता.”

शस्त्रक्रिया झाली. नवा गुडघा बरा आहे. जुन्यापेक्षा कमी बोलतो. पण गाडी बंद ठेवली, तर जेट चिकटतो, तेलाचा थर बसतो. तिला आठवड्यातून एकदा तरी चालू करावे लागते. मी अध्यक्षांना तसा अधिकार लेखी दिला. कृती टप्प्याटप्प्याने लिहिली: पेट्रोलचा कॉक उघडणे, चोक ओढणे, दोन किक चावी बंद ठेवून, तिसरी चालू करून. ज्या किकच्या आवाजाबद्दल त्यांनी मला वर्षानुवर्षे पत्रे पाठवली, ती किक आता तेच मारणार होते.

पहिल्या शनिवारी मी वॉकर घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खालून किकचा आवाज आला. पुन्हा आला. मग पुष्कळ वेळा आला. मध्ये दमलेला श्वास, मध्ये पुटपुटणे. शेवटी एकदाची ती पेटली, धुराचा लोट पार्किंगमधून बाहेर आला, आणि त्यामागून अध्यक्ष बाहेर आले, घामाघूम, शर्टाच्या बाह्या वर केलेले, चेहरा खुललेला. त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिले आणि भुवया उंचावल्या.

मी वॉकर सोडला आणि पंजा दाखवला.

“पाच?” ते ओरडले. “अहो, प्लग ओला होता! आपण चोकचं नीट लिहिलेलं नाही! मी हे...”

“निकालाबाबत,” मी खिडकीतून वाकून म्हणालो, “कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.”

त्यांचे पत्र संध्याकाळी आलेच. विषय तेलाचा डाग असा होता. ते द्यायला ते स्वतः आले, आणि साखरभाताचा रिकामा डबाही परत घेऊन आले.